अवंदाचा जिताडा

मामंजी, तुमच्या तेराव्याच्या जेवणाची मोठी पातेली अजून परत गेली नव्हती, आणि काल सकाळी पद्माकर दारात येऊन उभा राहिला. पाटील आळीचा पद्माकर. "वाऱ्यासारखा जातं, पन माघारी यावाचा इसरतं," असं तुम्ही ज्याच्या हुतूतूतल्या चढाईबद्दल म्हणायचात, तोच. सोबत आणखी दोघं होते. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झालं तरी तिघं भांडी हातात धरून बसले, तेव्हाच मी ओळखलं की हे काहीतरी मागायला आलेत.

पद्माकर म्हणाला, "वैनी, जत्रा जवल आली. आप्पा व्हते तवर आमी कई बोललो नाय. पन अवंदा संघ निवडून काडू. सात चांगले गडी. तुमच्या आलीनं संघातला आपला मान सोडला तरच व्हईल. तुमच्या घरात तसाबी अवंदा दुखवटा हाय. दादानं खेलायलाच पायजे असा थोडाच हाय?"

हे ओसरीच्या टोकाला बसले होते, तुमच्यासाठी उतरवलेल्या डोक्यावरून हात फिरवत. काही बोलले नाहीत. तुमचा लेक कधी बोललाय? पद्माकरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमीच तर आप्पांना बोलायच्या, वैनी. निवडून काडा, निवडून काडा. आमी बाहेर बसून आयकायचो."

खोटं नाही. मी बोलायचे, आणि इतकी वर्षं बोलले की शेवटी शेवटी तुम्ही माझं वाक्य पुरं करायचात. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं ठरलं होतं. दिवेलागणीच्या आधीची ही वेळ तुमच्या पेपराची. मी वाचायचं, तुम्ही डोळे मिटून ऐकायचं. आता या वेळेला हातांना काम नाही, म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले आहे. वाचून दाखवायला कुणी नाही, तर लिहिते.

तो पेपर तुम्ही कसा ऐकायचात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. खेळाची बातमी आली की मी आपली सरळ वाचायला लागायचे, अमुक संघानं तमुक संघाचा पराभव केला, आणि तुम्ही मध्येच बोट वर करायचात. "हरले ते कोन?" जिंकणाऱ्यांशी तुम्हाला कर्तव्य नव्हतं. हरणाऱ्यांचं गाव कुठलं, किती गुणांनी हरले, मागच्या वर्षीही हरले होते का, हे सगळं तुम्हाला हवं असायचं. पेपरात ते कुठे लिहिलेलं असतं? मग मी मनानं जोडून सांगायचे. साताऱ्याकडचे होते म्हणे, पोरं गरीब, एकाचा पाय मुरगळला. तुम्ही मान डोलवायचात. मी रचून सांगते हे तुम्हाला माहीत होतं, अशी माझी खात्री आहे.

मी या घरात आले तेव्हा अजून मुंबई राज्य होतं. कोपरखैरण्याहून घणसोलीला, बैलगाडीनं, तासाभराच्या वाटेवर. सातवी पास झालेली, तोंडानं तिखट, आणि माझे दोन्ही भाऊ खैरण्याच्या संघात. खैरणे जिंकायचं. नेहमीच. आमच्या घरी जिंकण्याची चर्चासुद्धा व्हायची नाही, इतकं ते ठरलेलं होतं. पाऊस झाल्यावर भात लावावं, भात झोडल्यावर जत्रेत घणसोलीला हरवावं.

आणि दुसऱ्या दिवशी जिताडा खावा.

ही रीत मला लहानपणापासून माहीत होती, पण एका बाजूनंच. हरणाऱ्या गावानं जिंकणाऱ्या गावाला आपल्या तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा द्यायचा. आमच्याकडे तो वाजतगाजत यायचा, आई त्याच्या तुकड्या करायची, डोकं संघाच्या म्होरक्याला. तो मासा कुठून येतो, कुणी वाढवलेला असतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही. लग्न होऊन आले आणि शेताच्या कडेला तुमचं तळं पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. गावाच्या वतीनं मासा वाढवायचा मान तुमचा होता. आम्ही वर्षानुवर्षं तुमच्या घरचा घास खात आलो होतो.

पहिल्याच जत्रेत मी काय केलं ते तुम्ही गावभर सांगितलंत, तेव्हा इथंही सांगायला हरकत नाही. भात काढलेल्या शेतात राखेनं रेषा ओढल्या होत्या. मी नवी नवरी, हिरवा चुडा, घणसोलीच्या बायकांत पदर घेऊन बसलेले. खैरण्याची चढाई आली. माझा थोरला भाऊ दम घेऊन आत शिरला, डावीकडे हूल दिली, उजव्या हातानं एका गड्याला शिवला आणि हसत परत गेला. मी ताडकन उठून टाळ्या वाजवल्या. मग पाहिलं, तर बाद होऊन रेषेबाहेर चाललेला माणूस माझा नवरा होता.

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी पदर ओढून मला खाली बसवलं. आता घरी गेल्यावर काय ऐकावं लागणार, या विचारानं मी रडकुंडीला आले होते. तुम्ही तुमच्या जागेवरून, त्या बांधावरच्या दगडावरून उठलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "बाय, तू पुडच्या वरसाला तिकडं बस, तुजे आईजवल. उगा टाल्या दाबून कशाला बसाचा? फक्त ते काय बोलतात ता मना येऊन सांग."

त्या दिवसापासून जत्रेत मी माहेरच्या बाजूला बसायला लागले आणि तुमची हेर झाले. कुठली सून इतकी भाग्यवान असते? वर्षातून एक दिवस आईच्या मांडीला मांडी लावून बसायचं, आणि वर त्याला घरचं काम म्हणायचं. संध्याकाळी तुम्ही पानावर बसल्या बसल्या विचारायचात, "काय बोलत व्हते?" मी सांगायचे, तुमचा कोपऱ्यातला गडी पकडीला येतो पण हात सोडतो असं बोलत होते. कोपऱ्यातला गडी समोरच जेवत असायचा. तो भाताचा घास करायचा आणि ऐकायचा.

आणि मग आपला वाद सुरू व्हायचा. गावात आळ्या सात, संघात गडी सात, आळीला एक. हा तुमचा नेम. पाटील आळीत पद्माकर आणि त्याचा चुलतभाऊ असे दोन वाघ, तर त्यांनी आळीपाळीनं खेळायचं, एका वर्षी एकानं बाहेर बसून नखं खायची. आणि आमच्या खारआळीत घरं चार, त्यांत खेळण्याजोगा पुरुष एक. तुमचा बाल्या. अंगानं काटकुळा, धावायला जड, आणि समोरचा गडी अंगावर आला की आधी त्याला लागेल का याचा विचार करणारा. तोच दरवर्षी उभा.

मी म्हणायचे, "मामंजी, खैरण्याला माझे दोन्ही भाऊ एकाच घरातले आहेत. जो चांगला तो घेतात. म्हणून जिंकतात."

"मंग?"

"मग तुम्ही पण घ्या."

"बाकीच्या आल्यांनी काय हात हालवत बसाचा?"

"बसले तर बसले. गाव तर जिंकेल."

यावर तुम्ही दर वेळी वेगळंच काहीतरी सांगायचात, हे मला फार नवलाचं वाटायचं. एकदा म्हणालात, जिंकून काय भाताला दुसरा कणीस फुटतं? एकदा म्हणालात, हरणाऱ्याला लवकर घरी येऊन जेवायला मिळतं. एकदा तर, खैरण्याची पोर सून करून आणली, मग त्यांना हरवायचं कसं, पाप लागंल. मी उत्तरं साठवायला लागले. एका माणसाकडे एकाच गोष्टीची इतकी कारणं असली, म्हणजे खरं कारण त्यांत नसतं, असं मला वाटायचं.

बांध फुटला त्या वर्षी मला वाटलं की खरं कारण सापडलं. आश्विनातलं उधाण, भात पिवळं पडायला लागलेलं, आणि दुपारी बोंब आली की खांड पडली. बांध फुटला म्हणजे खाडीचं खारं पाणी आत, आणि एकदा ते शेतात उभं राहिलं की ते वर्ष तर गेलंच, पुढची दोन-तीनही गेली. सगळा गाव धावला. आम्ही बायका चिखलाचे गोळे हातोहात पुढं देत होतो. खांडीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या पाण्यात, सात माणसं हाताला हात धरून उभी होती. त्यांच्या पाठीशी चिखल बसत होता. ती सात माणसं मी ओळखली. आळीला एक. प्रत्येक आळीचा बांधाचा वाटा ठरलेला, आणि प्रत्येकाला आपली जागा आणि शेजारचा हात पाठ. काटकुळा कोपऱ्यातला गडी पाण्यात हलला नाही. मी गोळा पुढं द्यायला विसरले, मागच्या बाईनं मला कोपर मारलं.

भात वाचलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला चहा देताना मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "आता कळलं, मामंजी. बांधावर जे सात, तेच मैदानात सात. एका आळीनं अंग काढलं तर सगळ्यांच्या शेतात पाणी. म्हणून तुम्ही हरणं चालवून घेता."

तुम्ही बशीतला चहा फुंकलात. "तू लय शिकलीस, बाय. बांधाचा नेम बांधाला. खेल तो खेल. आनि चालवून कोन घेतं? मना काय हराची हौस हाय? मना जिंकाचाच हाय. यांनाच घेऊन जिंकाचा हाय."

 इतक्या वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की तुम्हाला जिंकायचं असेल. मला वाटायचं तुम्ही संतमहात्मे आहात, किंवा हट्टी आहात, किंवा थोडे खुळे. हरणाऱ्यांच्या बाजूनं बसणाऱ्या माणसाला दरवर्षी नव्यानं आशा वाटत असेल, आणि दरवर्षी ती नव्यानं मोडत असेल, हे खैरण्याच्या पोरीला कसं कळावं?

मग मी तुम्हाला बघायला लागले. खेळाकडे पाठ फिरवून नव्हे, पण माहेरच्या बाजूनं समोर तुम्ही नीट दिसायचात. आपला गडी दम घेऊन चढाईला गेला की तुम्हीही दम धरायचात. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताठ. गडी परत आला की सोडायचात. नाही आला की आणखी थोडा वेळ धरून ठेवायचात, जणू तुम्ही सोडला नाही तर तो अजून बाद झालेला नाही. आई एकदा मला म्हणाली, "तुजा सासरा एक दिवस असाच जावाचा." आम्ही दोघी हसलो होतो. गेलात तेव्हा तुमचा श्वास अगदी सावकाश, शांतपणे थांबला. तेवढं बरं झालं, मामंजी.

पाऊस लागला की तुम्ही खाडीवर जायचात आणि बोटभर जिताड्याची पिल्लं मडक्यातून आणायचात. तळ्यात सोडताना एकाला हातावर घ्यायचात. तोच कसा निवडायचात देव जाणे, मला सगळी सारखीच दिसायची. त्याला सांगायचात, "तू आमचा. तुला खैरन्याला धाडाचा नाय. अवंदा जिंकू." मग पुढची जत्रा येईपर्यंत त्याला रोज कोलंबी, बारीक मासळी. तो काठाशी यायचा. तुम्ही त्याच्याशी गावच्या गोष्टी बोलायचात. आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी स्वतः पाण्यात उतरून, त्यालाच धरून, हळद-कुंकू लावून खैरण्याला पाठवायचात. मी माहेरी जाऊन तो रांधायचे, कारण भावांना माझ्याच हातचा लागायचा. डोकं थोरल्याच्या पानात. तुम्हाला माशाचं डोकं किती आवडायचं ते मला ठाऊक होतं. बोंबलाचंही सोडायचा नाहीत. पण त्या तळ्यातल्या सगळ्यात मोठ्या माशाचं डोकं तुम्ही जन्मात चाखलं नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. अलीकडची काही वर्षं तो मासा माझ्या घशाखाली उतरेनासा झाला होता. भाऊ म्हणायचे, खा ना, तुझ्याच हातचा आहे. मी म्हणायचे, काटे फार आहेत. घरी येऊन तुम्हाला सांगावं असं दर वेळी वाटायचं, पण मग तुम्ही "काय बोलत व्हते?" असं विचारायचात आणि आपण पुन्हा वादात पडायचो. तुम्हाला ते कळलं असतं तर तुम्ही चिडवून जीव खाल्ला असता, हेही होतंच.

शेवटच्या आजारात मी पेपर वाचत होते. तुम्ही बोट वर केलंत. बोलायला दम पुरत नव्हता, पण प्रश्न मला माहीत होता. मी म्हटलं, "हरले ते घणसोलीचे." तुम्ही हसलात, हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळली. मग तुम्ही काहीतरी म्हणालात. मी कान जवळ नेला. "मासा," म्हणालात, "भुकेला ठेवू नको." मी हो म्हटलं. तेवढंच झालं. नेमाबद्दल, आळीबद्दल, पुढं काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. सगळ्या गावाला वाटतं की तुम्ही माझ्याजवळ काही सांगून गेलात. तुम्ही सांगून गेलात ते एवढंच.

तेराव्याला पानं वाढताना माझ्या डोक्यात भलतंच येत होतं. या खेळात बाद झालेला गडी रेषेबाहेर जाऊन बसतो. मेला, असंच म्हणतात त्याला. आणि आपल्यातला कुणी समोरचा एक मारून आला की हा उठून पुन्हा आत येतो, कपडे झटकतो, आपल्या जागी उभा राहतो. इतकी वर्षं बघितलं, त्यात नवल वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र स्वतःचाच राग आला आणि रडूही आलं. मी आत जाऊन पातेलं घासत बसले.

तर पद्माकर काल आला, आणि मला उत्तर सोपं वाटायला हवं होतं. मी तर त्याच्याच बाजूची. हो म्हटलं की गाव बहुतेक जिंकेल. पद्माकर आणि त्याचा भाऊ एकाच वेळी मैदानात उतरले तर माझ्या भावांची धडगत नाही, हे मी माहेरच्या बाजूनं बसून सांगते. आणि हेही सुटतील. वर्षानुवर्षं माझ्या भावांच्या हातून मार खाणं सुटेल. आता यांचं वय पळायचं राहिलेलं नाही, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात पाळी करून येतात तेव्हा गुडघा धरून पायरी चढतात. त्यांना सुखानं बांधावर बसून खेळ बघू दे. मग माझ्या तोंडातून कालच हो का नाही निघालं? मी रात्रीचा भात लावताना, सकाळी झाडताना तेच शोधत होते. तुमचा मान राखायचा म्हणून? पण तुम्ही मला कधी होय बा करायला शिकवलं नाहीत. वाद घालणारी सून तुम्हाला आवडायची.

आज दुपारी हे पहिल्या पाळीवरून आले, जेवले, आणि ओल्या फडक्यात मूठभर कोलंबी घेऊन तळ्याकडे निघाले. तुम्ही गेल्यापासून रोज जातात. मला वाटत होतं, मी सांगितलं म्हणून जातात. आज मी मागोमाग गेले.

हे काठाशी उकिडवे बसले होते, ते गुळगुळीत डोकं उन्हात चकाकत होतं. मासा वर आला. मामंजी, फार मोठा झालाय. पाठ काळीशार, तोंड उघडलं की माझी मूठ जाईल. हे एकेक कोलंबी टाकत होते आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला बघून थांबले.

मी विचारलं, "पद्माकरला काय सांगायचं?"

"तुला काय वाटतं ता सांग."

"मला काय वाटतं ते राहू दे. तुम्हाला काय वाटतं?"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले. मग मला कळलं की हा प्रश्न या घरात कुणी विचारलेलाच नाही. तुम्ही आणि मी इतकी वर्षं एका माणसाला मध्ये बसवून भांडलो, त्यानं खेळावं की नाही यावर. तो भाताचा घास करत राहिला. तुम्हीही विचारलं नाहीत, मीही नाही.

"मना खेलाचाय," हे म्हणाले.

"हरायला?"

यांनी उरलेली कोलंबी पाण्यात झटकली, हात धुतला. "यो बग केवडा झालाय. अवंदा यो आपन खावाचा. अवंदा जिंकू."

तुमचाच आवाज, मामंजी. शब्द तेच, आणि शेवटाला तो तसाच वर गेलेला. मी चिखलातच बसले.

मग मी विचारलं, इतकी वर्षं मार खाल्लात, कधी बोलला नाहीत? म्हणाले, "तुमी दोगां बोलायचां. मना वाटायचा, बोलून घेऊ दे." आणि पाण्याकडे बघतच, "सालभर कोनी इचारत नाय. त्या दिवशी आख्खी आली माज्या नावानं वरडतं." चार घरांची आळी, मामंजी. दोन म्हातारे, एक विधवा, तिची पोरं, आणि तुम्ही. त्यांना ती अख्खी आळी वाटायची.

आता माझा एकच प्रश्न आहे, आणि तो तुमच्या हयातीत मला सुचला नाही याची चुटपुट लागून राहिली आहे. तो नेम तुम्ही कशासाठी धरून बसलात? बांधासाठी, गावासाठी, की या एका गप्प लेकासाठी, ज्याला निवडून कुणीच घेतलं नसतं? ती इतकी कारणं सांगितलीत, त्यांत हे नव्हतं. तुम्ही "अवंदा जिंकू" म्हणायचात, तेव्हा मला वाटायचं तुम्ही मला खिजवताय, किंवा माशाला सांगताय. तेव्हा मागं कंबर कसत कोण उभं असायचं, ते मी कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहत होतात का? की तुमच्याही ध्यानात नव्हतं, आणि नेमच आपोआप त्याला सांभाळत होता? दोन्ही खरं असू शकतं. तुम्ही असतात तर चहा फुंकत तिसरंच काहीतरी सांगितलं असतं.

तळ्यावरून मी तडक पाटील आळीत गेले. पद्माकर अंगणात पोरांना चढाई शिकवत होता. मी म्हटलं, "खारआळीचा गडी येणार. टक्कल घेऊन येईल, पण येईल. आमचा मान आम्ही सोडत नाही."

त्याचा चेहरा उतरला. वाईट वाटलं. यंदा त्याच्या चुलतभावाची पाळी, म्हणजे हा बाहेर नखं खात बसणार. त्याचं काही चुकलेलं नाही, आणि खरं तर माझं मत अजून त्याच्याच बाजूचं आहे. आपला वाद मिटलाय असं समजू नका. तो म्हणाला, "वैनी, मंग परत हरू."

आणि माझ्या तोंडून निघालं, "हरू कसं? अवंदा जिंकू."

पद्माकर माझ्याकडे बघतच राहिला. खैरण्याची मी, जिंकणाऱ्यांच्या घरात वाढलेली. हे वाक्य आमच्या गावात कुणाला कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

आता अंधारून येईल. थोरल्या भावाला निरोप धाडलाय, की यंदा मी आईजवळ बसणार नाही, बांधावरचा दगड रिकामा आहे, तिथं बसेन. आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी जेवायला आमच्याकडे यायचं, जिताडा आमच्याच चुलीवर शिजणार आहे. तुकडी दोघांना देईन, डोकं नाही. ते पानावर वाढून तुमच्या नावानं बाहेर ठेवणार आहे. आणि नाही जमलं, तर पाऊस लागला की हे आणि मी मडकं घेऊन पिल्लं आणायला खाडीवर जाऊ.